आठ घोडे आणि चारठाण्याचा चढ

मोटार घेतल्यापासून मला सगळे एकच प्रश्न विचारतात. "एवढीशी पुरते का हो?" विचारणाऱ्याची नजर मोटारीवर असते आणि तिच्याशेजारी मी उभा असतो. ह्यात काही संबंध असेल असं पूर्वी मला वाटत नसे. परभणी जिल्ह्यातून परत आल्यापासून वाटायला लागलं आहे.

मोटार म्हणजे आठ हॉर्सपॉवरचं एक जुनं वाहन. चार माणसं बसतात, म्हणजे एकमेकांचे गुडघे सांभाळून बसतात. बटणाने ती कधीच सुरू होत नाही, समोर हँडल मारावं लागतं. हँडल मारायला मी आणि आत बसून पेडल दाबायला कुमुद, माझी बायको, अशी आमची रोजची वाटणी. आमच्या वाड्याशेजारचे आप्पा निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी पहिल्याच दिवशी बोनेट उघडून आत पाहिलं आणि मंडईतून भाजी आणायला ठीक आहे, असा शेरा मारला. रोजच्या वापराला हिची ताकद पुरायची नाही, हे वाक्य त्यांनी पुढे सहा महिने रोज, न चुकता, आमच्या दाराशी येऊन म्हटलं. मला ते इतकं झोंबलं की आप्पांचं तोंड बंद होईल अशा एखाद्या पराक्रमाच्या शोधात मी होतो.

तो कुमुदच्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या पत्राने चालून आला. सुमन चारठाण्याला दिलेली. तिला दिवस गेले होते आणि सातव्या महिन्यात तिला गंगाखेडला माहेरी न्यायचं होतं. पण गेल्या वर्षी अशीच पाचव्या महिन्यात कुठल्याशा लग्नाला जाताना गावाबाहेरच्या ओढ्यात बैलगाडीला जबर हिसका बसला आणि तिचं मूल गेलं. तेव्हापासून तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, बैलगाडीचं नाव टाकलं होतं. एस्टीतल्या गर्दीत आणि धक्क्यांत सुनेला पाठवायला ते तयार नव्हते. धड वाहन आलं तर पाठवू, नाहीतर बाळंतपण इथेच करू, असं त्यांनी कळवलं होतं. गंगाखेडला कुमुदची आई अंथरुणाला खिळलेली, आणि लेक एकदा घरी येऊ दे एवढाच तिचा धोशा.

मी लगेच चारठाण्याला कार्ड टाकलं. 'स्वतःची मोटार घेऊन येत आहे. सुमनला फुलासारखी नेतो. आपण निश्चिंत असावे.' कुमुदने ते वाचलं आणि इंजिनाला विचारलंत का, एवढंच म्हणाली.

जालन्याच्या पुढे

पुणे ते जालना हा प्रवास मी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात पाणी घालणं एवढंच घडलं. आम्ही ते इतक्या ठिकाणी घातलं की नगर रस्त्यावरच्या विहिरींची यादी मी आता पाठ म्हणू शकतो.

निघताना नातेवाइकांनी 'मोगलाईत चाललात, जपून' असं बजावलं होतं. निजामाचं राज्य कधीच गेलं होतं, मराठवाडा मुंबई राज्यात येऊनही वर्ष उलटलं होतं, पण पुण्यातली मोगलाई काही संपत नव्हती. जालना सोडलं आणि दोन्ही बाजूंना काळं रान पसरलं. मधे ज्वारीची हिरवीगार ताटं, बोंडं फुटून पांढरी झालेली कपाशी, आणि इतकं मोठं आभाळ की आमची मोटार मला आणखी लहान दिसायला लागली.

मंठ्याच्या अलीकडे एका बेताच्या चढावर ती दम खाऊ लागली. मागून मेंढरांचा एक कळप येत होता. मेंढपाळाने घोंगडी सावरत आमच्याकडे पाहिलं, 'वाट देता का' अशा अर्थाचा हात केला, आणि तो आख्खा कळप आमच्या दोन्ही बाजूंनी चालत पुढे निघून गेला. सर्वांत मागे एक लंगडं कोकरू होतं. त्यालाही घाई होती. मी कुमुदला म्हटलं, इंजिन तापलंय म्हणून मुद्दाम सावकाश घेतोय. ती कोकराकडे बघत होती.

चारठाणा

चारठाण्यात आपण जुन्या देवळांमधून शिरतो. कोरीव खांब, मोडलेली शिखरं, आणि त्यांना टेकून वाळत घातलेल्या गोवऱ्या. पुण्यात असला एक खांब सापडला तर त्याला कुंपण घालून पाटी लावतील. इथे त्याला शेळी बांधलेली होती.

गावात शिरताच कुमुदची पुणेरी भाषा गळून पडली आणि ती "कसं काय चालायलंय, आत्याबाई?" असं म्हणत सुमनच्या सासूच्या गळ्यात पडली. सुमन दाराआड उभी होती. पिवळ्या लुगड्यातली, तोंडावर तेज आलेली, पण डोळ्यांखाली काळं. तिने मला वाकून नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावरून मोटारीकडे पाहिलं. मी तिला धीर देण्यासाठी हसलो.

आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात आणि त्याने नको म्हणावं अशी आशा ठेवतात. इथे विचारण्याची पद्धत नाही. ताट समोर येतं. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुरीचं घट्ट वरण, आणि वर तुपाची अशी धार की सुमनच्या सासूबाईंचा वाढता हात झोपी गेला की काय असं वाटावं. मी तिसऱ्या भाकरीला हात आडवा धरला तर त्यांनी ती हातावरच ठेवली. दुपारी शेतावर हुरडा. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून आबा स्वतः तळहातावर मळून देत होते, आणि त्यांचा हात थांबेपर्यंत आपलं तोंड थांबवायचं नाही हा मी माझा नियम केला. हे सगळं मी का सांगतोय ते पुढे कळेल. त्या प्रत्येक घासाचा दुसऱ्या दिवशी मला जाहीर जबाब द्यावा लागला.

आबा साठीचे, काटक, डोक्याला रुमाल. चार तालुक्यांच्या बैलबाजारात त्यांच्या नजरेला मान होता. बैल घ्यायचा तर आधी चारठाण्याच्या आबांना दाखवा, असं लोक म्हणत. हात धुऊन ते मोटारीपाशी आले. तिच्याभोवती एक फेरी मारली, मडगार्डावर थाप मारली, वाकून पुढची जाळी न्याहाळली.

"किती दाती हाय?" त्यांनी विचारलं.

बैलाचं वय दातांवरून सांगतात एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, वीस वर्षांची असेल. आबांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. वीस वर्षांचा बैल त्या जिल्ह्यात कुणी पाहिला नसावा.

"म्हातारी हाय," ते म्हणाले. "जुपून बगू."

बाजारात बैल घेण्याआधी भरलेल्या गाडीची चाकं दोराने बांधतात आणि बैलाला ती ओढायला लावतात. चाक फिरत नाही, गाडी नुसती फरफटते. तेवढी जो ओढील तो बैल कामाचा. जो खाली बसेल तो बसका, त्याला कुणी फुकटही घेत नाही. आबांनी आमच्या मोटारीची हीच परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. सरकीची पोती भरलेली एक बैलगाडी देवळापुढच्या मैदानात आली, तिची चाकं आवळली गेली, आणि जू दोरखंडाने माझ्या मोटारीच्या मागच्या बंपरला बांधलं गेलं.

ह्या जागी शहाण्या माणसाने सांगायला हवं होतं की मोटार ही ओढण्यासाठी नसते, वाहण्यासाठी असते. पण सगळा गाव जमला होता, आणि माझ्या कानात आप्पा बोलत होते. मी बाह्या सारल्या. कुमुद आत बसली, मी हँडल मारलं, मग तिला खाली उतरवून मी मोठ्या थाटात स्टिअरिंगमागे बसलो आणि क्लच सोडला.

बंपर थोडा लांब झाला. मागची चाकं जागच्या जागी माती उकरू लागली, करपलेल्या दुधासारखा वास आला, आणि इंजिनाने एक उचकी देऊन मान टाकली. मी पुन्हा हँडल मारलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गर्दीतली एक म्हातारी म्हणाली की पुरे करा, मुकं जनावर हाय. मग आबांच्या गड्याने, गणपतने, आपली बैलजोडी आणून जुंपली. त्या दोघांनी माना खाली घातल्या आणि ती गाडी चाकं बांधलेली असतानाच पंधरा पावलं ओढून नेली. वाटेत एकाने शेपूट उडवून माझ्या मोटारीची काच पुसली.

आबा हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

"पाव्हणं, राग मानू नगा," ते म्हणाले. "पर ओढ्याच्या चढावर ही बसली तर माझी सून कुठं जाईल? पुन्ना बैलगाडीतच की. ते मी एकदा बगितलंय. दुसऱ्यांदा न्हाई बगायचं."

परवा अमावास्या होती आणि मग पौष लागत होता. पौषात लेकीसुनेला घराबाहेर काढत नाहीत. म्हणजे उद्या सुमन निघाली तर निघाली, नाहीतर आईला भेटणं बाळंतपणानंतर, आणि आई तोवर वाट बघू शकेल की नाही हे कुणीच बोलत नव्हतं. मी ओसरीवर बसलो होतो तर सुमन पाणी घेऊन आली.

"दाजी, तुमचं पत्र आलं ना, तवापासून मी रोज बोचकं बांधायलेय आन सोडायलेय," ती हळूच म्हणाली. "मला लय जावंसं वाटायलंय."

तांब्या ठेवून ती आत गेली. मला माझी लाज वाटली. आप्पांवर सूड उगवायचा म्हणून मी ह्या पोरीला आशेला लावलं होतं.

ओढ्याचा चढ

संध्याकाळी कुमुद आबांशी बोलायला बसली. काय बोलली ते मला तिने नंतर सांगितलं. सरकी ओढायला मोटार आणलीच नाही, ती म्हणाली. जेवढं ओझं न्यायचंय तेवढंच घाला आणि ज्या चढाची भीती आहे त्याच चढावर बघा. चढली तर सुमनला द्या, नाही चढली तर आम्ही हात जोडून परत जातो. आबांना हे पटलं. व्यवहाराचं बोलणं त्यांना लगेच पटे.

सकाळी आम्ही सगळे जिंतूरच्या वाटेवरच्या त्या ओढ्यावर गेलो. पाणी घोट्याएवढं, तळाशी गोटे, आणि पलीकडे अंगावर येणारी मुरमाड चढण. मी स्टिअरिंगमागे, शेजारी कुमुद, आणि मागे सुमनच्या जागी आबा स्वतः. पाण्यातून आम्ही झोकात निघालो. चढाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज कुणाचं तरी दुखतंय असा यायला लागला. मग मोटार थांबली, आणि मग, मला भीती होती तशी, मागे येऊ लागली. आबांनी चालत्या मोटारीतून उडी मारली आणि मागच्या चाकाखाली दगड सरकवला. त्या वयात ती उडी पाहून मी ब्रेक दाबायला विसरलो.

आता माझा शेवटचा हुकमी पत्ता. अशा मोटारींचा रिव्हर्स गिअर सर्वांत ताकदीचा असतो, हे मला आप्पांनीच एकदा सांगितलं होतं. मी ओढ्यात मोटार फिरवली, आबांना पुन्हा बसवलं, आणि पाठमोरा चढ चढून दाखवला. कण्हत का होईना, वर गेली. मी विजयी मुद्रेने उतरलो तर काठावर सुमनच्या सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"सासरकडं तोंड करून माहेरी जातेत व्हय कुणी?" त्या म्हणाल्या. "आसली उलटी पाठवणी आमच्यात न्हाई."

जमलेल्या बायांनी माना हलवल्या. कुमुदनेही हलवली. शास्त्र माझ्या बाजूला होतं, पण शास्त्र तिथे एकटंच होतं.

आबा मात्र मोटारीकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, डोक्यापासून पायापर्यंत आणि परत वर. कापसाची भरलेली गाडी नुसती बघून वजन सांगणारा तो माणूस. त्याची नजर माझ्या पोटाशी येऊन थांबली, तेव्हा मला तिसरी भाकरी आठवली, आणि हुरडाही आठवला.

"पाव्हणं, तुमी अडीच मण भराल," आबा म्हणाले.

पुणे स्टेशनावरच्या काट्याने जे गुपित मला एकट्याला सांगितलं होतं, ते आता चारठाण्याच्या ओढ्याकाठी पन्नास माणसांना कळलं.

"माझी सून सव्वा मणाची. ह्या बाई बी तेवढ्याच." आबांनी मोटारीच्या टपावर हात ठेवला. "बैलात खोट न्हाई. भरण्यात हाय."

मग त्यांनी विचारलं, दुसरं कुणी हिला हाकतं का. मी लगेच 'नाही' म्हणून सांगितलं. दोन रविवार मी कुमुदला मैदानावर शिकवून पाहिलं होतं, आणि हे बायकांना जमणार नाही असा निकाल देऊन मोकळा झालो होतो. तिसऱ्या रविवारपासून मी घरी झोपत होतो.

"मला येतं," कुमुद म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या झोपेच्या रविवारांत काय काय झालं असावं ह्याचा मला त्या क्षणी प्रथमच अंदाज आला. आबांनी तिला एकच प्रश्न विचारला. चढावर बंद पडली तर काय करशील?

"ब्रेक दाबून धरीन," ती म्हणाली. "घाबरणार न्हाई. तुमी चाकाला दगड लावा, मी उतरून हँडल मारीन."

आबांनी मान डोलावली. बाईमाणूस म्हणून त्यांनी काही हरकत घेतली नाही. त्यांच्या घरी बायका गरज पडली की गाडी हाकत, मोट हाकत. मोटार त्यांना फार वेगळी वाटली नसावी. सासूबाई मागे बसल्या, आबा पुढे. मी हँडल मारलं. मोटार पाण्यातून निघाली, चढाला लागली. मी धक्का द्यायला मागून धावलो, पण माझे हात टेकायच्या आत ती माझ्यापासून दूर गेली आणि एका दमात वर जाऊन उभी राहिली. मी ओढ्याच्या मध्यावर हात पुढे केलेला, तसाच.

जिंतूर, बोरी, गंगाखेड

तासाभरात सुमनची ओटी भरली. ती मागच्या सीटवर बसली, पाठीशी दोन उशा, मांडीवर ते बोचकं. त्या ओढ्यातून जाताना तिने डोळे मिटून घेतले होते. वर पोचल्यावर उघडले आणि ती रडली. आबांनी मोटारीच्या बोनेटवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "सावकाश जा, बाई," एवढंच म्हणून त्यांनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. माझेही डोळे भरून आले होते. ते कुणाला दिसले नाहीत, कारण मी बैलगाडीत होतो.

जिंतूरपर्यंत अजून तीन चढ आहेत, असं आबांनी सांगितलं होतं. तेव्हा मोटारीत दोघी बहिणी, आणि मी, दोन ट्रंका आणि सासूबाईंनी दिलेलं गूळ-शेंगांचं गाठोडं असं जड सामान गणपतच्या गाडीत. बैल कालचेच. मोटार धूळ उडवत दिसेनाशी झाली. गणपत तासभर बैलांशीच बोलत होता. पहिला चढ आला तेव्हा त्याने गाडी थांबवून मागे पाहिलं.

"पाव्हणं, जरा उतरता का?" तो अदबीने म्हणाला. "बैलास्नी जड जायलंय."

तिन्ही चढ मी पायी चढलो.

दुपार टळल्यावर जिंतूरला पोचलो तर दोघी एका नात्यातल्या घरी जेवून, पान खाऊन बसल्या होत्या. पुढे रस्ता सपाट, म्हणून मला मोटारीत घेण्यात आलं. मी सवयीने स्टिअरिंगकडे वळलो.

"अक्कालाच हाकू द्या की, दाजी," सुमन म्हणाली. "तिच्या हातनं धक्के बसत न्हाईत."

मग बोरीला चहा घेताना हॉटेलवाल्याने ड्रायव्हरबाईंना आधी बशी दिली आणि मागे बसलेल्या मला सुमनचा सासरा समजून दुसरी. परभणी ओलांडली, उसाचे फड लागले आणि दिवेलागणीच्या आधी गोदावरीचं पाणी दिसलं. गंगाखेडच्या घरी कुमुदच्या आईला दोघांनी धरून दारापर्यंत आणलं होतं. दोन महिन्यांत ती एवढी पहिल्यांदाच चालली. तिने लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग मोटारीवरूनही ओवाळला. तुकडे उरले नव्हते, म्हणून माझ्यावरून ओवाळायचं राहिलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. माय-लेकी एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होतो, तेवढ्यासाठी मी आणखी चार चढ पायी चढलो असतो.

पुणे

फाल्गुनात सुमनला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आजी उठून बसते आणि नातीला पायावर घेऊन न्हाऊ घालते, असं गंगाखेडहून कळलं.

आप्पा अजून येतात. रोजच्या वापराला एवढं इंजिन पुरतं का, हा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही. काल मी त्यांना उत्तर म्हणून चारठाण्याहून आलेलं आबांचं कार्ड वाचायला दिलं. शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं असावं, अक्षर टपोरं आणि भाषा अदबीची.

'वैशाखात सूनबाईस व नातीस घेऊन यावे. मोटार उत्तम आहे, हीच आणावी. सौ. बाईंनी हाकावी. आपण एस.टी.ने येण्याची तसदी घ्यावी.'

आप्पांनी चष्मा पुसून ते पुन्हा एकदा वाचलं आणि प्रथमच काही न बोलता घरी गेले. मी तिकीट काढायला निघालो.